सवतीचा हिसका

मोटरसायकल आजारी आहे, असं फक्त मापेसाहेबांचं म्हणणं होतं. मोटरसायकलीचं स्वतःचं म्हणणं काहीतरी वेगळं असावं, कारण ती पहिल्या किकला सुरू होत होती, धूर सोडत नव्हती, तेल पीत नव्हती आणि उभी राहिली की अशी संथ ठपठपत होती, जणू पोटभर जेवून कुणीतरी खुर्चीत टेकलंय आणि आता उठायला सांगू नका म्हणतंय.

पण हिसका होता. क्लच सोडला की गाडी मापेसाहेबांच्या बुडाखालून पुढे निसटायला बघायची. दुसऱ्या गियरला पुन्हा तेच. चौकातला दिवा हिरवा झाला की साहेबांचं डोकं मागे, पाय पुढे, जेवणाचा डबा छातीवर, आणि बाजूच्या रिक्षातली मुलं खूश.

मापेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, ते दुकानदारांनी ठेवलेलं. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. बाजारातले तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा आणि ज्याचं माप खोटं निघेल त्याच्याकडे चष्म्यावरून बघायचं, हे त्यांचं काम. ते घरी चहात साखरही शिक्का मारलेल्या चमच्यानं घालतात, अशी अफवा होती. अफवाच. चमच्यावर शिक्का नव्हता. एवढ्या लहान जागेत तो उमटत नाही.

गाडी मधल्या वजनाची. पोराटोरांनी मिरवावी अशी नाही आणि दूधवाल्यानं किटल्या लटकवाव्यात अशीही नाही. इंजिनांचे स्वभाव असतात, हे ज्याला पटत नाही त्यानं पुढचं वाचू नये. काही इंजिनं खालच्या फेऱ्यांना, म्हणजे हळू फिरताना, झोपलेली असतात आणि वर गेली की किंचाळत धावतात. ही गाडी तशी नव्हती. हिची सगळी ताकद तळाशी. मूठ जरा पिळली की लगेच ओढ. दोन माणसं, बटाट्याचं पोतं आणि हँडलला नारळांची पिशवी घेऊन ही घरासमोरचा चढ तिसऱ्या गियरमध्ये, कसलीही कुरकुर न करता चढायची. मागाल तेवढं द्यायची, आणि मागितल्या क्षणी द्यायची.

मापेसाहेबांची बायको तिला सवत म्हणायची. सुटीच्या दिवशी साहेब बादली आणि फडकं घेऊन अंगणात बसले की वरच्या गॅलरीतून आवाज यायचा, "झाली का हो माझ्या सवतीची अंघोळ? झाली असेल तर मलाही जरा बाजारात न्या." मग ती मागे बसायची, डावा हात साहेबांच्या खांद्यावर ठेवायची, आणि तिघं निघायची. साहेब, बायको आणि सवत. कामाच्या दिवशीही तेच, कारण ती साहेबांच्या ऑफिसशेजारीच शिवणकामाला जायची.

गेल्या वर्षी बायको गेली. आधी जिना चढताना तिला नुसती धाप लागायची. सगळे म्हणाले, होतं असं. मापेसाहेबही म्हणाले, होतं असं.

रजा संपवून ते कामावर निघाले, त्या सकाळी गाडीनं पहिला हिसका दिला. तेव्हापासून हिसक्याबद्दल कुणी "होतं असं, साहेब" म्हटलं की मापेसाहेब अर्धा चहा तसाच टाकून उठून जायचे. लोकांना वाटायचं, माणूस चक्रम झाला.

लोकांचं सोडा, लेकीलाही तसंच वाटायला लागलं होतं. लेक नववीत. आईनं तिचं नाव भिंगरी पाडलं होतं, कारण ती बसलेली असली तरी फिरत असायची. आई गेल्यावर ती जास्तच बोलायला लागली. घरात उरलेल्या दोघांपैकी कुणीतरी आवाज करायला हवा होता, आणि बाबाकडून आशा नव्हती.

"बाबा, गाडीला काही झालेलं नाही," ती म्हणायची. "तूच दचकतोस."

"मी सरकारी माणूस आहे. मी दचकत नाही."

"मग आज डब्यातली आमटी शर्टावर कशी आली?"

सरकारी माणूस शर्ट बदलायला आत गेला.

त्यातच गाडीची नोंदणी संपत आली. परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यायची, पास झाली तर पुढची काही वर्षं मिळतील, नाहीतर भंगार. मापेसाहेबांनी जेवताना जाहीर केलं, "सदोष माप मी कुणाचं पास करत नाही. स्वतःचंही करणार नाही. तपासणीपर्यंत हिसका गेला नाही, तर मी स्वतःच तिला भंगारात देईन."

भिंगरीच्या हातातला घास हातातच राहिला. आईच्या साड्या मावशीनं नेल्या होत्या, औषधं दवाखान्यात परत गेली होती, पलंग भिंतीकडे सरकला होता. जिला आईनं नाव ठेवलंय आणि जी अजून रोज आवाज करते, अशी घरात आता फक्त सवत उरली होती. म्हणजे सवत आणि भिंगरी. आणि बाबा बोलले की बोलले. एकदा त्यांनी सख्ख्या चुलत्याचा तराजू जप्त केला होता.

तेव्हापासून भिंगरीही हिसक्याच्या मागे लागली.

पहिला सल्ला तळमजल्यावरच्या ड्रिलमास्तरांचा. मास्तर निवृत्त झाले होते, पण शिटी अजून गळ्यातच होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकले, सीटवर थाप मारली आणि निदान केलं, "चेन! चेन ढिली आहे. शिस्त नाही तिला."

चेन ताणली. हिसका होता तसाच, फक्त आता त्यात कुंईकुंई असा आवाज आला. मग चेन सैल केली. मग चेनच बदलली. नवी चेन आली तर जुनी दातेरी चक्रं तिला मानवेनात, म्हणून चक्रं बदलली. मास्तर रोज सकाळी जिन्यात उभे राहून विचारायचे, "काय, आली का शिस्त?" आणि हिसका बसला की शिटी वाजवायचे. सवयीनं हो, मनात काही नसायचं.

मिस्त्रीकडे गाडी गेली ती या टप्प्यावर. मिस्त्रीचं गॅरेज बँकेच्या मागच्या गल्लीत. माणूस भला, पण त्याला सगळ्या रोगांवर एकच औषध माहीत, ते म्हणजे खोलणं. त्यानं कार्बोरेटर खोलला, पेट्रोलात बुडवला, फुंकला, लावला. प्लग बदलला. क्लचच्या प्लेटा बदलल्या. प्रत्येक वेळी तो स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "लोण्यासारखी चालते, साहेब."

मग साहेब बसायचे. हिसका.

"आता बघा! दिला की नाही?"

"मला नाही देत."

"मला देते!"

"मग ती तुमच्यावर रागावलीय," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "बरं, असं करू. मी मागं बसतो, तुम्ही चालवा. बसल्या जागी कळेल मला, इंजिनातून येतो की चाकातून."

तो पाय टाकून बसणार एवढ्यात मापेसाहेब असे ओरडले, की पलीकडच्या पंक्चरवाल्यानं टायर सोडला.

"मागे नको!"

मिस्त्रीचा एक पाय हवेतच राहिला. "का हो?"

"नको म्हणजे नको. मागे... सीट नीट बसत नाही."

सीट उत्तम बसत होती. पण बायको गेल्यापासून मागे कुणी बसलंच नव्हतं. तसा नियम कुणी केला नव्हता. भिंगरी लहानपणी पुढे टाकीवर बसायची, नंतर तिला सायकल आली, आणि मागची जागा आईची ती आईचीच राहिली. कार्यालयातला शिपाई एकदा म्हणाला होता, "साहेब, स्टेशनपर्यंत सोडता?" तर साहेब त्याच्याबरोबर गाडी हातानं ढकलत स्टेशनपर्यंत चालत गेले. पेट्रोल संपलंय म्हणाले. शिपाई बिचारा अर्धा रस्ता मागून ढकलत होता.

एक दिवस मात्र चमत्कार झाला. त्या दिवशी बाजारात मोठी तपासणी होती, म्हणून साहेबांनी कार्यालयातली प्रमाणित वजनांची लोखंडी पेटी मागच्या सीटवर दोरीनं करकचून बांधली होती. पेटी म्हणजे काय, दोन माणसांनी उचलताना तिसऱ्यानं देवाचं नाव घ्यावं अशी. गाडी निघाली ती रेशमासारखी. पहिला, दुसरा, तिसरा गियर, चढ, उतार, चौक, कुठेही हिसका नाही. मापेसाहेबांना हेल्मेटच्या आत हसू फुटलं. बाजारात त्यांनी त्या दिवशी एकालाही दंड केला नाही, आणि दुकानदारांनी आपापसात चौकशी केली की साहेबांची तब्येत बरी आहे ना.

"नवा प्लग लागू पडला!" त्यांनी घरी सांगितलं. भिंगरीनं टाळ्या वाजवल्या, शेजारी जाऊन सांगितलं, ड्रिलमास्तरांनी श्रेय चेनकडे ओढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी कार्यालयात उतरवून झाली. साहेब एकटे बसले, क्लच सोडला.

हिसका.

आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या या माणसाच्या तेव्हाही काही लक्षात आलं नाही. ते सरळ मिस्त्रीकडे गेले आणि नवा प्लग खोटा आहे म्हणून भांडले.

एवढं होईपर्यंत मामा आला. मामा म्हणजे भिंगरीच्या आईचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे नवी कोरी मोटरसायकल होती, टोकदार नाकाची. तिच्यावर बसलं की माणूस काहीतरी सांडलेलं शोधतोय असं वाटायचं.

"भावोजी, तुमच्या इंजिनचा काळ गेला," मामा म्हणाला. "खाली ताकद देऊन करायचंय काय? माझी बघा. खाली काही नाही, एकदम गप्प. सात हजार फेऱ्यांच्या वर गेली की मग बघायचं! खरी मजा वर आहे."

"सात हजार फेऱ्यांना मी ऑफिसच्या पुढे निघून जाईन," साहेब म्हणाले.

"आणि वजन! किती वजन घेऊन फिरताय? मागचा कॅरियर, मागची पकडायची दांडी, पाय ठेवायचे मागचे पायटे. कोण बसतंय आता त्याच्यावर?"

बोलून गेल्यावर मामाला कळलं आपण काय बोललो ते. तो एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बूट नाडीचे नव्हते. त्याची पण बहीणच होती ना ती.

मापेसाहेबांनी मागच्या कॅरियरवरून हात फिरवला. मग म्हणाले, "काढून बघू. काही सोडायला नको."

मिस्त्रीनं कॅरियर काढला, दांडी काढली आणि मग मागचे पायटे सोडवले. त्यातल्या डाव्या पायट्याचं रबर एका कडेला झिजून गुळगुळीत झालं होतं. तिला पाय तिरका ठेवायची सवय. "चप्पल घसरते हो," म्हणायची. मिस्त्री दोन्ही पायटे जुन्या सामानाच्या डब्यात टाकणार होता, साहेबांनी ते मधेच घेतले, रुमालात गुंडाळले आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवले.

गाडी हलकी झाली. हिसका दुप्पट झाला.

तपासणीचा दिवस उजाडला. भिंगरीनं शाळेत पहिल्या दोन तासांची सुटी मागून घेतली होती, कारण सांगितलं, "घरच्या माणसाची तपासणी आहे." खोटं तरी काय होतं त्यात? ती सायकलवरून पुढे गेली, साहेब मागून हिसके खात आले.

परिवहन कार्यालयात पहिल्या खिडकीनं तिसरीकडे पाठवलं, तिसरीनं पहिलीकडे, आणि दुसरी खिडकी बंद होती, पण सगळ्यांना दुसरीवरचीच सही हवी होती. मापेसाहेबांनी आपलं ओळखपत्र पुढे केलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही साहेब तिकडे. इकडे रांग." रांगेत त्यांच्या मागे नेमका तो धान्यवाला उभा होता, ज्याचा काटा त्यांनी दोनदा सील केला होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "या साहेब, आज तुमचं वजन करून घ्या." आख्खी रांग हसली. भिंगरीलाही हसू आलं, पण तिनं ते गालात धरून ठेवलं, कारण बाबानं बॅग छातीशी घट्ट धरली होती.

मागच्या मैदानात तपासनीस उभे होते. टोपी, हातात फळी, चेहऱ्यावर मापेसाहेब बाजारात आणतात अगदी तोच भाव. साहेबांना स्वतःलाच समोर बघितल्यासारखं झालं आणि मुळीच आवडलं नाही.

दिवे ठीक. हॉर्न ठीक. धूर ठीक. मग तपासनीस मागे गेले. "मागचे पायटे कुठायत?"

"काढले."

"का?"

"हिसक्यासाठी."

तपासनिसांनी चष्मा वर केला. "हे बघा, ही गाडी दोन माणसांसाठी नोंदलेली आहे. पायटे नसतील तर दोन माणसांची म्हणून पास करता येत नाही. सोपं करू का? अर्ज करा. आसनं दोन होती, त्यांचं एक करून टाका. तुम्ही तसेही एकटेच फिरता ना?"

भिंगरीनं बाबाकडे बघितलं. बाबा बॅग चाचपत होता. मैदानात कुणीतरी रिकाम्या ट्रकचा हॉर्न तपासत होतं, पुन्हा पुन्हा.

"दोनच आहेत," मापेसाहेब शेवटी म्हणाले.

"अहो, पण पायटे नाहीत!"

साहेबांनी बॅग उघडली. जेवणाचा डबा बाजूला केला आणि रुमाल सोडून दोन्ही पायटे तपासनिसांच्या फळीवर ठेवले. तपासनीस पायट्यांकडे बघत राहिले, मग या माणसाकडे, जो मोटरसायकलीचे पायटे डब्याशेजारी घेऊन हिंडत होता. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी शेजारच्या ट्रकवाल्याकडून पाना मागून आणला आणि म्हणाले, "बसवा. मी दुसरी गाडी बघून येतो."

भिंगरीनं पाना धरला, बाबानं पायटा. झिजलेला पायटा डावीकडे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"आता चक्कर मारा," तपासनीस परत येऊन म्हणाले. साहेब एकटे निघाले. हिसका असा बसला की हेल्मेटची काच आपोआप खाली पडली. तपासनीस म्हणाले, "क्लच शिकून घ्या जरा." इतकी वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला! मापेसाहेबांनी रागानं काच परत वर ढकलली. "आता मागे कुणीतरी घेऊन मारा. दोघांची आहे म्हणालात ना? बघू दोघांना कशी ओढते."

मैदानात मोकळं माणूस एकच होतं. तिनं दप्तर पाठीवर घट्ट केलं.

"बाबा, बसू?"

मापेसाहेबांनी आरशात बघितलं, मग समोर बघितलं. "बस."

भिंगरी बसली. पाय पायट्यावर ठेवले. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून तिनं डावा हात बाबाच्या खांद्यावर ठेवला. खांदा एकदम कडक झाला आणि मग हळूहळू खाली आला.

क्लच सुटला. गाडी निघाली, आणि काही झालंच नाही. पहिला गियर, दुसरा. भिंगरी अंग आवळून हिसक्याची वाट बघत होती, पण सवत अशी निघाली, जशी ती आधी निघायची. सगळी तळातली ताकद जागच्या जागी, ना कमी ना जास्त. तिसरा. मैदानाचं टोक आलं तरी काही नाही.

भिंगरी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली होती. तिला मागून बाबाचं मनगट दिसत होतं. ते किती सराईतपणे वळत होतं! आणि एकदम तिला वजनांची पेटी आठवली, बाबानं घरी येऊन चिडून सांगितलेलं मिस्त्रीचं "मला नाही देत" आठवलं.

टोकाला मापेसाहेब थांबले. गाडी ठपठपत उभी राहिली. लांबून तपासनीस हात हलवत होते, या, या परत. साहेब वळले नाहीत.

"बाबा," भिंगरी हळू म्हणाली, "गाडीला काही झालेलं नाहीये. ही मागितलं तेवढं देते. तू अजून दोघांचं मागतोयस."

मापेसाहेबांनी मुठीकडे बघितलं. उजव्या हाताकडे. अठराएक वर्षं त्या हातानं रोज सकाळी दोन माणसांचं माप काढलं होतं. बाकी सगळ्या अंगाला कळलं होतं ती गेली ते. ताटं एक कमी निघत होती, चहा कमी होत होता. या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी हेल्मेटची काच खाली केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. भिंगरीनं खांद्यावरचा हात काढला नाही.

गाडी पास झाली. दोन माणसांसाठी. तपासनिसांनी शिक्का मारताना विचारलं, "आता कशी नीट चालवली?" साहेब म्हणाले, "वजन बरोबर होतं."

सायकल मामा नंतर घेऊन जाणार होता. भिंगरीला शाळेच्या फाटकाशी सोडलं, तेव्हा तिसऱ्या तासाची घंटा व्हायची होती. ती उतरली तशी गाडी मागून जरा वर उचलली गेली. आता पुढे ऑफिसपर्यंत एकट्यानं.

"बाबा, थोडं कमी दे," भिंगरी म्हणाली.

"किती कमी?"

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि मूठ अगदी जराशी मागे फिरवली. "एका माणसाएवढं."

मापेसाहेबांनी क्लच सोडला. गाडी निघाली, हिसका न देता. एकट्या माणसासाठी अगदी बरोबर, प्रमाणित, शिक्का मारावा इतकी बरोबर. इतके महिने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते हे. आणि मापेसाहेबांना वाटलं, यापेक्षा मिस्त्रीनं काहीतरी मोडलेलं दाखवलं असतं तर फार बरं झालं असतं.

ते रोज तसेच जायला लागले. ड्रिलमास्तर जिन्यात म्हणाले, "आली बघा शिस्त! चेनच होती." साहेब हो म्हणाले.

फक्त संध्याकाळी, घरासमोरच्या चढाशी आल्यावर, ते मूठ जुन्या मापानं पिळायचे. सवत पुढे उसळायची. डबा छातीवर आपटायचा. गॅलरीत उभी असलेली भिंगरी वरून ओरडायची, "बाबा, हिसका!"

"बसू दे," मापेसाहेब म्हणायचे.